बिंगेनच्या काठावरून चार प्रदेश: ड्राय रीसलिंग शेजारी शेजारी ठेवून कशी चाखावी

माइन्त्सहून लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात बिंगेन येतं. नाहे नदी ऱ्हाईनला मिळते त्या टोकावर जाऊन उभं राहा. समोर, पलीकडच्या काठावर र्‍यूडेसहाइमचा उभा चढ आणि त्यात एरेनफेल्स किल्ल्याचे अवशेष दिसतील: तो ऱ्हाईनगाउ. तुमच्या पायाखाली आहे ते ऱ्हाईनहेसन. डावीकडे नाहे ओलांडली की नाहे नावाचाच प्रदेश सुरू होतो. आणि ऱ्हाईन उत्तरेला वळून डोंगराच्या खिंडीत शिरते, तिथून पुढे मिटलऱ्हाईन. जर्मनीत एकूण १३ वाइन प्रदेश आहेत. त्यांतल्या चारांचं दर्शन इथे नुसती मान वळवून होतं.

फ्रँकफर्ट-माइन्त्सकडे नव्याने राहायला आलेली आपली मंडळी मला विचारतात, की इथली ड्राय रीसलिंग (म्हणजे रीसलिंग नावाच्या द्राक्षाची, गोड नसलेली पांढरी वाइन) घ्यायची तर कुठली? (उच्चार ‘रायझलिंग’ नाही, ‘रीसलिंग’.) मी एका प्रदेशाचं नाव सांगत नाही. चार बाटल्या शेजारी मांडून स्वतःच ठरवायला सांगतो. ते कसं करायचं, ते या लेखात आहे. एक गोष्ट मात्र आधी डोक्यात ठेवा. या चार प्रदेशांमधल्या सीमा द्राक्षांनी आखलेल्या नाहीत, राज्यकर्त्यांनी आखल्या आहेत. नेपोलियननंतरच्या वाटणीत १८१६ साली ऱ्हाईनच्या या काठाचा तुकडा हेसनच्या ग्रँड ड्यूकला मिळाला, म्हणून नाव ऱ्हाईनहेसन. नाहेपलीकडे प्रशिया होता. पलीकडच्या काठावर नासाऊ. आज ऱ्हाईनहेसन हेसन राज्यात नाहीच, ते ऱ्हाईनलँड-फाल्त्समध्ये आहे, आणि हेसनमध्ये आहे तो ऱ्हाईनगाउ. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच गोंधळ होतो, माझाही झाला होता.

पायरी १: बाटली खरंच ड्राय आहे ना, ते बघा

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी घरी पापलेटाचा बेत होता. दुकानातून ‘श्पेटलेझ’ लिहिलेली रीसलिंग आणली. दुकानदाराने चांगली म्हणून दिली, आणि होतीही चांगली. फक्त गोड होती. तळलेल्या पापलेटाबरोबर सगळे निमूटपणे सरबत पीत बसलो.

चूक माझीच. श्पेटलेझ, काबिनेट हे शब्द द्राक्ष तोडताना किती पिकलं होतं ते सांगतात. वाइनमध्ये साखर किती उरली, ते त्यांतून कळत नाही. त्यासाठी लेबलावर ‘ट्रॉकन’, म्हणजे ड्राय, हा शब्द शोधायचा. तो नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. रीसलिंगमध्ये ८-९ टक्के असेल तर ती गोडच असणार, कारण बरीचशी साखर आंबायची राहिली आहे. १२ किंवा जास्त असेल तर बहुतेक ड्राय. ‘हाल्बट्रॉकन’ म्हणजे अर्धी ड्राय. ‘फाइनहेर्ब’ला कायद्यात आकडाच नाही, तेव्हा आपल्या तुलनेत त्या बाटलीला जागा नाही.

आता मेख. कायद्याने ट्रॉकन म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर. पण आम्ल भरपूर असेल तर ९ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. अट एवढीच, की साखर आम्लापेक्षा २ ग्रॅमहून जास्त नको. म्हणजे आम्ल ६ ग्रॅम असेल तर साखर ८ चालते, आम्ल ७ असेल तर ९. रीसलिंगमध्ये आम्ल सहसा ६ ते ९ ग्रॅम असतंच, त्यामुळे ही मुभा बहुतेकांना मिळते. परिणाम असा, की एका ‘ट्रॉकन’ बाटलीत १ ग्रॅम साखर असते आणि दुसरीत ८. दुसरी जिभेला मऊ लागते आणि आपण म्हणून मोकळे होतो, ‘अमक्या प्रदेशाची वाइन मऊ असते बरं का.’ नवख्यांच्या तुलना सगळ्यात जास्त इथेच फसतात.

उपाय सोपा आहे. इथले बरेच उत्पादक आपल्या किंमतयादीत प्रत्येक वाइनपुढे अल्कोहोल, उरलेली साखर आणि आम्ल असे तिन्ही आकडे छापतात. ते नसतील तर बाटलीमागचा क्यूआर कोड बघा. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनवर युरोपात पोषणाची माहिती द्यावी लागते आणि बहुतेक जण ती कोडमागे ठेवतात. तिथे साखर १०० मिलीमागे दिलेली असते, दहाने गुणा. चारही बाटल्यांच्या साखरेत दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको.

पायरी २: बाकी सगळं सारखं ठेवा

वर्ष सारखं हवं. २०२१ इथे थंड आणि ओलं गेलं, त्या वर्षीच्या रीसलिंग अजून दात आंबवतात. २०२२चा उन्हाळा तापट आणि कोरडा होता. नाहेची २०२१ आणि ऱ्हाईनगाउची २०२२ शेजारी ठेवलीत तर तुम्ही दोन पावसाळ्यांची तुलना करताय, प्रदेशांची नाही.

दर्जाची पायरीही सारखी हवी. व्हीडीपी नावाची उत्पादकांची संघटना आहे, १९१०पासूनची. तिच्या सदस्यांच्या बाटलीच्या टोपणावर द्राक्षाचा घड घेतलेला गरुड असतो. त्यांची उतरंड अशी: सगळ्यात खाली गूट्सवाइन, म्हणजे उत्पादकाच्या वेगवेगळ्या बागांतली मिळून केलेली. मग ऑर्ट्सवाइन, एका गावाची. त्यावर नावाजलेल्या बागा, आणि सगळ्यात वर ‘ग्रोसे लागे’. या सर्वोच्च बागेतल्या ड्राय वाइनला ‘ग्रोसेस गेवेक्स’ म्हणतात, लेबलावर नुसतं जीजी. जर्मन लोक ‘गे-गे’ म्हणतात. ती ड्रायच असते, तिथे शंका नको. संघटनेबाहेरचे अनेक उत्तम उत्पादकही साधारण अशीच उतरंड वापरतात.

गूट्सवाइन साधारण १० ते १५ युरोला मिळते, ऑर्ट्सवाइन १५ ते २५ला, जीजी ३५ला सुरू होते आणि पुढे आकाश. माझा सल्ला ऑर्ट्सवाइनचा. गूट्सवाइन चार ठिकाणची मिसळ असते, तीत जागा फारशी बोलत नाही. जीजीमध्ये जागा बोलते, पण उत्पादकाची महत्त्वाकांक्षा तिच्याहून मोठ्याने बोलते. शिवाय सहा जणांत चार जीजी म्हणजे महिन्याच्या किराण्याला कात्री.

आणखी एक विचारून घ्या: वाइन स्टीलच्या टाकीत मुरली की लाकडात? ऱ्हाईनगाउकडे १२०० लिटरच्या जुन्या लाकडी पिंपांची परंपरा आहे, त्याला ‘श्ट्युक’ म्हणतात. जुनं लाकूड स्वतःचा वास देत नाही, पण वाइनला जरा गोलाई देतं. चारांतली एकच लाकडातली नको.

पायरी ३: कुठून काय येतं, ते थोडं माहीत करून घ्या

रीसलिंग उशिरा पिकणारं द्राक्ष आहे. तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरभर चालते. नाशिकच्या बागा पाहिलेल्या माणसाला इथलं गणित उलटं वाटतं. तिथे वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये वाइनच्या द्राक्षांची तोडणी. इथे वेल हिवाळाभर मेल्यासारखी पडून असते. सूर्य तिरका, म्हणून बागायतदार दक्षिणेला तोंड केलेला उतार शोधतो. त्या उतारावर किरणं सरळ पडतात, खालून नदी थंडीची धार बोथट करते, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो. चांगली बाग आणि साधी बाग यांत इथे एवढाच फरक असतो: कोपरा, दगड, पाणी.

ऱ्हाईनगाउ समजायला सगळ्यात सोपा. दक्षिणेकडून उत्तरेला निघालेल्या ऱ्हाईनला टाउनुसच्या डोंगराने अडवलं, म्हणून ती माइन्त्सजवळून सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेला वाहते. त्यामुळे उजवा काठ सगळा दक्षिणेकडे तोंड करून बसला आहे. प्रदेश लहान, ३,२०० हेक्टरच्या आसपास, आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जागेत रीसलिंगच. श्लॉस योहानिसबेर्गने १७२० साली पूर्ण टेकडीवर एकटी रीसलिंग लावली, तेव्हापासून इथे ती घरातली थोरली सून आहे. ५० अक्षांशाची रेघ त्याच बागेतून जाते. र्‍यूडेसहाइमच्या चढावर क्वार्टझाइट (गारेसारखा कठीण खडक) आणि पाटीचा दगड आहे, तिथली वाइन ताठ कण्याची. मधल्या गावांत वाऱ्याने आणलेली पिवळट माती आणि चिकणमाती, तिथली भरलेल्या अंगाची.

ऱ्हाईनहेसन याच्या उलट. देशातला सगळ्यात मोठा प्रदेश, २७,००० हेक्टरच्या आसपास, आणि त्यात रीसलिंग जेमतेम पाचवा हिस्सा. अनेक वर्षं इथली ओळख म्हणजे स्वस्त, गोडसर लीबफ्राउमिल्श. ही प्रतिमा पुसायला तिथल्या नव्या पिढीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जीव तोडून काम केलं आहे. बाटली घेताना ‘ऱ्हाईनहेसन’ एवढंच वाचून थांबू नका, कारण त्याचे दोन चेहरे आहेत. एक निअरश्टाइन आणि नाकेनहाइमचा ‘रोटर हांग’, म्हणजे लाल उतार. तिथला खडक सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा, लोहामुळे गेरूसारखा लाल. दगड चोळला तर बोटं रंगतात. तिथली रीसलिंग पिकल्या फळांच्या वासाची, उबदार. दुसरा चेहरा दक्षिणेला वोन्नेगाउचा, वेस्टहोफेनच्या आसपास. तिथे चुनखडी आहे, आणि वाइन आवळलेली, खारट शेवटाची.

नाहेची गंमत वेगळीच. ४,२०० हेक्टरच्या आसपासच्या या छोट्या प्रदेशात दगडांचं संग्रहालय भरलं आहे: पाटीचा दगड, क्वार्टझाइट, लाल वालुकाश्म, ज्वालामुखीतून आलेला पॉर्फिरी. ट्रायझेनजवळ रोटेनफेल्सचा सुमारे २०० मीटरचा कडा उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या अरुंद पट्टीत द्राक्षं. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला २०० मीटर म्हणजे किरकोळ, पण कड्याच्या अगदी मुळाशी वेली बघताना मजा वाटते. श्लॉसबॉकेलहाइमच्या कुप्फरग्रूबं या नामांकित बागेच्या नावाचा अर्थच ‘तांब्याची खाण’, आणि तिथे खरोखर खाण होती. नाहेच्या चांगल्या रीसलिंगला मी पैठणीच्या काठाची उपमा देतो: बारीक काम, जवळून बघावं लागतं.

मिटलऱ्हाईन फक्त साडेचारशे हेक्टरच्या आसपास. बहुतेक सगळा चढ, बहुतेक पाटीचा दगड, यंत्र चालत नाही, मजुरी परवडत नाही, बागा कमी होत चालल्या आहेत. वाइन सडपातळ आणि धारदार. बाखाराख किंवा बोप्पार्डची बाटली दिसली तर घ्या. या दर्जाच्या मानाने किंमत अजूनही कमी आहे.

हे सगळं वाचून मग विसरून जा. कारण बिंगेनच्याच डोक्यावर शार्लाखबेर्ग नावाची बाग आहे. कागदावर ती ऱ्हाईनहेसन. पण ती ज्या रोखुसबेर्गच्या उतारावर आहे, तो डोंगर म्हणजे नदीने तोडून अलीकडे टाकलेला टाउनुसचाच तुकडा. दगड तोच, र्‍यूडेसहाइमचा क्वार्टझाइट. आम्ही झाकून चाखली तेव्हा सहापैकी चौघांनी ती ऱ्हाईनगाउमध्ये टाकली. चुकले म्हणावं की बरोबर, अजून ठरलेलं नाही.

पायरी ४: मांडणी

प्रत्येकाला चार ग्लास, सगळे एकाच आकाराचे. खालून फुगीर आणि वर निमुळते असले म्हणजे झालं, महागडे नकोत. प्रत्येकी ५० मिली ओता. सहा जणांत एका बाटलीतून ३०० मिली जातात, उरलेली जेवणासाठी राहते. फ्रिजमधून वीस मिनिटं आधी काढा, १० अंशांच्या आसपास यायला हवी. फार थंड वाइनचा वास बंद होतो आणि आंबटपणा सुईसारखा टोचतो, कोमट झाली तर अल्कोहोल नाकात जातं.

घराबद्दल एक कडक नियम: त्या दिवशी दुपारनंतर फोडणी नाही. एकदा सगळं व्यवस्थित मांडलं आणि कोणीतरी आत वरणाला हिंग घातला. चारही ग्लासांत हिंग. दुसऱ्या वेळी देवापुढची उदबत्ती. अत्तर, हँडक्रीम यांचंही तेच. चाखताना खायला साधा पाव आणि साधं पाणी, बाकी काही नाही.

थुंकायला भांडं ठेवा. आपल्याकडे पिचकारीची परंपरा मोठी, पण पाहुण्यांसमोर लाज वाटते खरी. दोन घोटांनंतर जाते. चार ग्लास गिळलेत तर चौथ्याबद्दल तुमचं मत मी धरणार नाही.

पायरी ५: चाखताना काय शोधायचं

आधी चारही ग्लासांचा नुसता वास घ्या, चव नको. ढवळा, पुन्हा घ्या. मग उलट्या क्रमाने. एखाद्या ग्लासात घासलेटासारखा वास आला तर बिघडली म्हणून ओतून देऊ नका. टीडीएन नावाच्या संयुगामुळे तो येतो. द्राक्षांना ऊन जास्त लागलं किंवा वाइन जुनी झाली की वाढतो. कोणाला आवडतो, कोणाला नाही. मला थोडा चालतो, स्टोव्ह पेटवल्याइतका नाही.

इंग्रजी-जर्मन पुस्तकांतली वासांची यादी पाठ करू नका. गूजबेरी तुम्ही लहानपणी खाल्ली नाही, तर ती इथे आठवणार कशी? पपनस, मोसंबीची साल, अर्धी पिकलेली कैरी, हिरवट पेरू, धुऊन उभा करून ठेवलेला पाटा-वरवंटा हे शब्द तुमचे आहेत, ते लिहा. ज्याला इथे ‘मिनरल’ म्हणतात, त्याला पहिल्या पावसात भिजलेली फरशी म्हटलं तर निदान आपसात तरी कळतं.

रीसलिंगची खरी ओळख आंबटपणात आहे, आणि तिथे मराठी माणसाला सूट मिळायला हवी. आपल्या घरात आंबट एकच नसतं. लिंबू टोकदार, लगेच येतं आणि लगेच जातं. कैरी दातांवर चढते. कोकम कडेने येतं. चिंच गोल आणि जड. ताक मऊ, कारण त्यातलं आम्ल वेगळंच, लॅक्टिक. काही उत्पादक वाइनमधल्या कच्च्या सफरचंदाच्या आम्लाचं त्याच लॅक्टिकमध्ये रूपांतर होऊ देतात, तेव्हा रीसलिंगही ताकाकडे झुकते. आणि आवळा: आधी तोंड वाकडं करतो, मग वर पाणी प्यायलं की गोड लागतो. प्रत्येक ग्लासापुढे यातला एकच शब्द लिहा. आठवड्याने ती चिठ्ठी वाचून तुम्हाला वाइन आठवेल, ‘छान, ताजी’ लिहिलंत तर काही आठवणार नाही.

शेवटी घड्याळ. घोट गेल्यावर चव किती सेकंद राहते, ते मनात मोजा. पाच सेकंदांत संपली तर साधी. पंधरा-वीस राहिली तर किंमत वसूल.

पायरी ६: झाकून चाखा

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, आकडे टाका, पुन्हा चाखा. ज्याने गुंडाळलं त्याने ओतायचं नाही.

याहून कठोर परीक्षा तीन ग्लासांची. दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून एकदा ओळखलं याला अर्थ नाही. पाच वेळा केलंत आणि चार वेळा जमलं तर जीभ खरंच काहीतरी पकडते आहे. ऱ्हाईनगाउ आणि नाहे मला पहिल्यांदा पाचात दोनदाच ओळखता आल्या. त्याआधी तासभर दोन्हींतल्या फरकावर मी भाषण दिलं होतं.

याच खेळात आणखी एक करून बघा. एकाच गावाच्या, एकाच वर्षाच्या, दोन वेगळ्या उत्पादकांच्या बाटल्या घ्या. बहुतेक वेळा हा फरक दोन प्रदेशांतल्या फरकापेक्षा मोठा निघतो.

पायरी ७: जाऊन या

गाडी नको, ट्रेनने जा. बिंगेन आणि र्‍यूडेसहाइमच्या मध्ये बोट चालते, तेव्हा एका दिवसात दोन काठ होतात. उत्पादकाकडे जायचं तर आधी फोन करा, तोडणीच्या दिवसांत कोणाला वेळ नसतो. ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ दिसली तर आत शिरा. बागायतदाराने स्वतःच्या घरात, अंगणात चालवलेली ही खानावळ वर्षातून चारच महिने उघडी ठेवता येते आणि त्यात चाळीसपर्यंतच माणसं बसवता येतात. दारावर डहाळी किंवा जुडी टांगलेली असते, तीच पाटी. तिथे १०० मिलीचे ग्लास मागवता येतात आणि प्रश्न विचारले तर मालक टेबलाशी येऊन बसतो. दगड विचारा, साखर विचारा. ‘तुमची वाइन पलीकडच्या काठापेक्षा चांगली का?’ हा प्रश्न शेवटी ठेवा, कारण त्यानंतर शेवटची ट्रेन चुकते.

आणि जेवणाबरोबर उरलेली वाइन एका बैठकीत संपवू नका. चारही बाटल्यांत थोडी थोडी ठेवून, बुचं लावून, फ्रिजमध्ये उभ्या करा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा चाखा, कोथिंबीर वडी किंवा भाजलेल्या सुरमईबरोबर, तिखट बेताचं ठेवून. पहिल्या दिवशी सगळ्यांत पुढे असलेली बाटली तोवर बहुधा थकलेली असते, आणि कोणीच मत न दिलेली एखादी नुकती बोलायला लागलेली असते. आमच्याकडे गेल्या वेळी ती मिटलऱ्हाईनची निघाली, सगळ्यांत स्वस्त होती.